चुकीच्या दिवशीचा उपास

मी हट्टी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी उगाच हळहळायला नको. क्षय झाला तो काही माझ्या हट्टामुळे नाही. पण बरी होत आलेली मी परत अंथरुणाला खिळले, ती मात्र सर्वस्वी माझीच करणी. आज ज्याला डॉक्टरांनी त्याच आजाराचं नाव सांगितलं असेल आणि जो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला असेल, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं मला विचारू नका, ते डॉक्टर सांगतील. मला सांगायचं आहे ते भीतीबद्दल, आणि त्या भीतीपायी देवाविषयी मी करून घेतलेल्या गैरसमजाबद्दल.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. बोलतो मराठी, पाळतो शनवार. हे रेल्वेत माल-कचेरीत कारकून. बदली होऊन पुलगावला आले, क्वार्टर मिळेना म्हणून नाचणगावच्या वाटेवर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सगळ्या पंचक्रोशीत आमच्या समाजाचं घर एकच. कुणी आम्हाला ख्रिस्ती समजे, कुणी मुसलमान. शेजारच्या भागरथाबाईंनी मात्र एक दिवस सरळच विचारलं, "तुमी लोकं नेमके कोन हो बाई?"

मी जमेल तसं सांगितलं. देव एकच, मूर्ती नाही, शनवारी चूल नाही.

"चूल नाई?" त्या म्हणाल्या. "मंग तुमचा देव बाईमान्साचा इचार करनारा दिसते."

भागरथाबाईंचे यजमान कापडाच्या गिरणीत होते. चार मुलं, त्यातलं धाकटं दीड वर्षाचं. आमची रूथ तेव्हा आठ महिन्यांची. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली. एवढं सांगितलं म्हणजे बाकीचं कळेल.

पहिला प्रश्न

दोन महिने संध्याकाळचा ताप येत होता. मी म्हणत होते, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा. खोकल्याला म्हणत होते, सरकीची धूळ. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार. शेवटी ह्यांनी रजा काढली आणि मला वर्ध्याच्या बाजूच्या एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे वळून पहिला प्रश्न विचारला तो असा, "मूल अंगावर पितं का?"

"हो."

"आजपासून बंद."

आजाराचं नाव त्यांनी नंतर सांगितलं. मी ते ऐकलं की नाही आठवत नाही. परतीच्या गाडीत माझी चोळी दुधाने भिजली होती आणि मी पदर घट्ट ओढून खिडकीबाहेर बघत होते. ह्यांनी एकदा माझ्या हाताला हात लावला, मी तो झटकला. त्यांनाही काही होईल अशी भीती वाटली.

घरी आले तेव्हा भागरथाबाईंच्या मुलांजवळ ठेवलेली रूथ भुकेने रडत होती. भागरथाबाई दारात आल्या. ह्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मला पोर उचलून त्यांच्या हातात द्यायचंही धैर्य झालं नाही. माझा श्वास लागेल म्हणून मी दूर उभी. पोर पलंगावर होती, तिथून त्यांनी उचलली, ओसरीवर जाऊन बसल्या आणि छातीशी लावली. दोन मिनिटांत रडणं थांबलं.

ते रडणं थांबलं याचा मला आनंद झाला. आणि इतका मत्सर वाटला की मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. दोन्ही खरं आहे.

पुढे मुंबईहून नणंदेचं पत्र आलं, की आपली मुलगी तसल्या घरचं दूध पिते हे आपल्यात चालत नाही, तिला इकडे पाठवा. ह्यांनी ते पत्र वाचलं, घडी केली आणि चुलीत घातलं. नंतर वर्षभर भावाबहिणीत पत्रव्यवहार नव्हता.

तांबडा ठिपका

मला भरती केलं तो त्याच दवाखान्याचा क्षयाचा वॉर्ड गावाबाहेर होता. लांब ओसरी, ओळीने खाटा, आणि सगळी दारं-खिडक्या दिवसरात्र सताड उघड्या. वारा हेच अर्धं औषध, असं म्हणत. सकाळी ताप बघायचा, इंजेक्शन, मग त्या पांढऱ्या भुकटीच्या पुड्या, ज्यांची चव अजून जिभेवर आहे. दुपारी दोन तास बोलायचं नाही, वाचायचं नाही, नुसतं पडून राहायचं. सोमवारी वजन. अर्धा पौंड वाढलं की आम्ही बायका एकमेकींना अशा सांगायचो, जणू कुणाला नोकरी लागली.

शांतासिस्टर म्हणून नागपूरकडच्या ख्रिस्ती परिचारिका होत्या. उंच, आवाज करडा, हात मऊ. त्यांनी पहिल्याच दिवशी मला माझी थाळी आणि पेला दिला. त्यावर तांबड्या रंगाचा ठिपका होता. "हे तुमचं. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, आणि तुमच्याला कुणी लावणार नाही."

तो पेला हातात घेतला आणि मला माझ्या घरची खिडकी आठवली. त्या खिडकीत कान तुटलेला एक कप असे. भागरथाबाई आल्या की चहा त्यात. पिऊन झाला की त्या स्वतःच विसळून परत तिथे ठेवत. कुणी हे मला शिकवलं नव्हतं. आमच्या शास्त्रात असं काही नाही. उलट, तुम्ही मिसर देशात गुलाम होतात, परक्याच्या जिवाला काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा त्याला छळू नका, असं परत परत बजावलं आहे. माझे वडील कोकणात आमच्या लोकांसाठी कीर्तन करीत. मोशेचं आख्यान लावलं की ह्या ठिकाणी ते झांजा थांबवत आणि श्रोत्यांकडे नुसतं बघत. लहानपणी मी ते किती वेळा ऐकलं! आणि संसार थाटल्यावर आजूबाजूच्या बायका जे करत तेच निमूटपणे करू लागले.

आता तोच कप देवाने माझ्या हातात दिला, असं मला वाटलं. वडील म्हणत, देव न्यायी आहे. न्याय झाला होता. आणि एकदा न्याय सुरू झाला म्हणजे तो कुठे थांबेल कोण जाणे. त्या बाईचं दूध पिऊन माझी मुलगी वाढत होती. मला घेऊन जाऊन मुलगी तिलाच देऊन टाकणं हाच पुरता न्याय असेल तर? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. कुणाला सांगावा असाही नव्हता.

रविवार

हे दर रविवारी येत. ओसरीच्या पायरीवर उभे राहत, मी खाटेवर. मध्ये दहा-बारा हात अंतर. एवढ्या अंतरावरून नवरा-बायकोने काय बोलायचं? तर पहिला दात आला. रांगायला लागली. उभी राहते. भागरथाबाईंच्या शेळीचं शेपूट ओढलं. एका रविवारी त्यांनी रूथला सोबत आणलं आणि फाटकाबाहेरून उंच धरलं, कारण मुलांना आत येऊ देत नसत. मला एक लाल झबलं दिसलं. चेहरा काही दिसला नाही. पण ते लाल झबलं मला पुढे महिनाभर पुरलं.

पावसाळा सरत आला तशी मला आमच्या सणाची ओढ लागली. आमच्यात वर्षातला सगळ्यात मोठा उपास असतो, त्याला दार फाळणीचा सण म्हणतात. फाळणे म्हणजे लावून घेणे. आदल्या संध्याकाळपासून घराची दारं लावायची, पांढरं नेसायचं, अन्न नाही, पाणी नाही, परक्याशी बोलणं नाही. त्या दिवशी देव निवाडा करतो, पुढच्या वर्षी कोण जगेल आणि कोण नाही. संध्याकाळी तो निवाडा पक्का होतो. मी ठरवलं होतं, हा दिवस असा पाळायचा की देवाला माझ्याकडे बघावंच लागेल.

आमचं पंचांग मुंबईहून येई. मी दर रविवारी विचारी, "पंचांग आलं का?"

"नाही अजून. येईल," हे म्हणत, आणि लगेच रूथचं काहीतरी सांगायला लागत.

मग एक दिवस शांतासिस्टर कुणाशी तरी बोलत होत्या, की दसऱ्याला नागपूरला फार मोठी गर्दी होणार, हजारो माणसं दीक्षा घ्यायला निघाली आहेत, गाड्यांत जागा मिळायची नाही. मी मनात हिशेब केला. आमचा उपास चांद्रमासाच्या दहाव्या दिवशी. दसराही दशमीला. आमच्या घरी दोन्ही एकाच दिवशी आलेलं मी पाहिलं होतं. हे विसरले असतील, आपण कशाला विसरायचं?

दार

माझी खाट तेव्हा बाजूच्या दोन खाटांच्या खोलीत होती. दुसरी बाई बरी होऊन गेली होती. दसऱ्याच्या आधीचे आठ-दहा दिवस मी अंडं आणि दूध गुपचूप टाळलं. पश्चात्तापाचे दिवस म्हणून. आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी उठले आणि खोलीचं दार लावून आतून कडी घातली. त्या दवाखान्यात दार लावणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल.

सकाळी शांतासिस्टरने दार वाजवलं. मी बोलले नाही. परत वाजवलं. "अहो बाई, इंजेक्शनची वेळ झाली!" मी बोलले नाही. पलीकडे बायकांची कुजबूज सुरू झाली, कुणी म्हणाली वेड लागलं, कुणी म्हणाली गेली वाटतं. सिस्टर मागे जाऊन खिडकीतून डोकावल्या. मी पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावर पदर, पश्चिमेकडे, यरुशलेमच्या दिशेला तोंड करून उभी. हो, उभी. सात महिने मला खाटेवरून उठून दहा पावलं चालायचीही परवानगी नव्हती, आणि मी सकाळपासून उभी होते.

"पाणी तरी प्या!" त्या खिडकीतून म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मी काय मागत होते? माझ्या पापांची कबुली सगळी दिली. कपाचीही. आणि शेवटी एकच मागणं: मला मुलीकडे जाऊ दे. तिची आई म्हणून. दुसरं काही नको. शास्त्रातल्या हन्नाने मंदिराच्या दारात मूल मागितलं होतं ते ओठ हलवून, आवाज न करता. मीही तशीच पुटपुटत होते. दुपार टळली तेव्हा खोली फिरायला लागली. खोकला आला आणि थांबेना. पदर तोंडाला लावला, तो लाल झाला.

मग कडी कुणी कशी काढली, मला ठाऊक नाही.

पुढचे पंधरा दिवस फार वाईट गेले. डॉक्टर रागावले नाहीत, ते अधिक टोचलं. एवढंच म्हणाले, "एक वेळ उपाशी राहिलात ते चाललं असतं. दिवसभर उभ्या राहिलात, ते नडलं. आता परत पहिल्यापासून."

ह्यांचं खोटं

हे धावत आले. या वेळी पायरीवर थांबले नाहीत, खाटेशी आले. सिस्टरनेही अडवलं नाही.

"का केलंस?" त्यांनी विचारलं.

"दार फाळणीचा सण होता. तुम्हाला आठवण राहिली नाही."

ते खाली बसले. मग म्हणाले, "दीना, तो महिन्यापूर्वीच झाला."

आमच्या पंचांगातही अधिक महिना असतो. त्यामुळे आमचा उपास कधी दसऱ्याला येतो, कधी महिनाभर आधी. ह्या वर्षी आधी आला होता. पंचांग वेळेवर घरी पोचलं होतं. ह्यांनी ते ट्रंकेत तळाशी लपवलं, कारण मी काय करीन हे ते ओळखून होते. रजा काढून त्यांनी एकट्याने घराची दारं लावली, स्वतःचा उपास केला, आणि म्हणाले, "तुझ्या वाटचाही केला असं देवाला सांगितलं. पुढच्या रविवारी येऊन तुझ्याशी खोटं बोललो."

मी त्यांच्यावर इतकी चिडले की पुन्हा खोकला आला. सगळं फुकट गेलं होतं. जीव धोक्यात घातला तो भलत्याच दिवशी! न्यायाधीश कधीच उठून गेला होता आणि मी रिकाम्या कचेरीत उभी राहून गयावया करत होते. "तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. "तू जगावीस म्हणून आणखी कुणालाही फसवलं असतं."

भागरथाबाई येतात

आणखी चार-पाच दिवसांनी दुपारच्या विश्रांतीच्या वेळी ओसरीवर गलका झाला. "आत जायचं नाही," असं सिस्टर म्हणत होत्या, आणि एक ओळखीचा आवाज म्हणत होता, "मी पुलगाववरून आली, बाई. दोन गोष्टी सांगतल्याबिगर मी काई जात नाई."

भागरथाबाई पांढरं स्वच्छ लुगडं नेसून आल्या होत्या. नेहमी 'तुमी' म्हणणारी बाई, त्या दिवशी एकदम 'तू'वर आली.

"काय वं! तुही पोट्टी मी छातीले लावून ठेवली, अन तू इथं दार लावून मराले बसली? काऊन? तुह्या देवाले काय उपाशी बाई पायजे?"

मला रडू कोसळलं. आणि इतके महिने कुणाला न सांगितलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं. की हा न्याय आहे. की तुमचा कप मी वेगळा ठेवला, म्हणून देवाने माझा पेला वेगळा केला. आता तो रूथलाही माझ्याकडून काढून घेईल.

ती ऐकत राहिली. तोंडावरचा राग हळूहळू गेला, पण दयाही आली नाही.

"मले का मालूम नव्हतं? डोळे हायेत मले," ती म्हणाली. "त्या कपाचा लय राग यायचा. घरी जाऊन शिव्या देत होती तुले. पन हे दुखनं त्या कपातून नाई आलं वं. माह्या भावाले बी हेच झालतं. तो मेला. त्यानं कोनाचा कप येगळा ठेवला होता?"

मी भिंतीकडे तोंड वळवलं.

"सांग ना. त्यानं कोनाचा ठेवला होता?"

शास्त्रातला ईयोब मला लहानपणापासून माहीत आहे. राखेत बसलेला तो चांगला माणूस, आणि 'तुझं काहीतरी पाप असेलच' असं पटवणारे त्याचे शहाणे मित्र. देव शेवटी रागावतो ते त्या मित्रांवर. ते आख्यान मला तोंडपाठ होतं, पण ते मित्र मी स्वतःच आहे हे मला त्या दुपारी कळलं.

"कपाची चूक हाय ते हाय," भागरथाबाई म्हणाली. "ते मी माफ केलं असं बी म्हनत नाई. तू बरी हो, घरी ये, अन मले चांगल्या कपात चा पाज. मरून गेली त मले कोन पाजन? मंग न्याय कसा होईन?"

मग तिने पदराखालचं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर आणि गुळाचा खडा. "खाय," ती म्हणाली. मी खाल्ली. तिनेच घास मोडून दिले. शांतासिस्टर दारात उभ्या होत्या, त्या तोंड फिरवून निघून गेल्या.

जाता जाता तिने सांगितलं, की दसऱ्याला तीही नागपूरला दीक्षेला गेली होती आणि रूथला नेलं होतं. "तुह्या घरच्या बाबूजीले पुसलं, ते हो म्हनले. दिवसभर कडेवर होती. एवढाली मानसं, सगळे पांढऱ्यात, पन पोट्टी रडली नाई." मग जरा संकोचून म्हणाली, "आता देवदेव सोडले आमी. पन उन्हाळ्यात तुह्यासाठी गिरडच्या दर्ग्याले नवस बोलली होती, तो पहिलेचा हाय. शब्द देल्ला त पाळा लागन."

मी आतून दार लावून ज्या दिवशी माझ्या मुलीसाठी भांडत होते, त्या दिवशी माझी मुलगी उघड्या मैदानात, मान ताठ करून परतणाऱ्या माणसांच्या गर्दीत होती. वडिलांना आवडलं असतं ते. मिसर देशातून निघालेल्या लोकांची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज नेहमी भरून येई.

त्याच आठवड्यात त्यांचंच पत्र आलं. ह्यांनी त्यांना सगळं कळवलं होतं. पत्र छोटं होतं. लिहिलं होतं, की आजाऱ्याने उपास करू नये हीही देवाचीच आज्ञा आहे, एवढंही कीर्तनकाराच्या मुलीला माहीत नसावं ना? आणि पुढे, की एलियाहू नबी रानात झुडपाखाली पडून 'आता मला ने' म्हणाला, तेव्हा देवाने त्याला ना उपदेश केला, ना जाब विचारला. दूताकरवी भाजलेली भाकर पाठवली. तो खाऊन परत झोपला, तर परत पाठवली. तुझी वाट लांबची आहे, म्हणून. बोलणं त्यानंतर.

वडिलांना भागरथाबाईच्या भाकरीचं काहीच माहीत नव्हतं.

घरी

आणखी आठ महिने लागले. मी अंडी खाल्ली, दूध प्यायले, त्या भुकट्या गिळल्या आणि पडून राहिले. देवाशी भांडणं थांबवलं असं नाही. पडल्या पडल्या भांडत होते. थुंकी तीनदा तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "जा. मुलीला खुशाल जवळ घ्या."

मी जवळ घ्यायला तयार होते. मुलगी नव्हती. ती दोन वर्षांची झाली होती आणि मला पाहून भागरथाबाईच्या लुगड्यात तोंड लपवत होती. तिची 'माय' ती होती. ते चुकीचं नव्हतं. तिने वेळेला दूध दिलं होतं, गोवरात उशाशी बसली होती, चालायला शिकवलं होतं. पहिल्या सकाळी मी भागरथाबाईला आमच्या कपबशीत, आमच्याबरोबर बसवून चहा दिला. तो पिऊन तिने दुसरा मागितला. पण पोर तिच्याच मांडीवर.

चार दिवस गेले. हे म्हणाले, "उचलून आण. रडेल दोन दिवस, मग विसरेल." कायद्याने, रक्ताने, सगळ्याने माझीच होती. आणायला हरकत काय?

मी निघालेही. अंगण ओलांडताना मला शलमोन राजाची गोष्ट आठवली. दोन बायका, एक मूल, दोघी म्हणतात माझं. राजा म्हणतो, तलवार आणा, अर्धं अर्धं करा. तेव्हा एक जण म्हणते, नको, तिलाच द्या. तीच खरी आई. आम्ही मुलं ह्या गोष्टीला राजाच्या अकलेवर टाळ्या वाजवायचो. त्या बाईकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ते वाक्य बोलताना तिला ठाऊक नव्हतं, की मूल तिला परत मिळणार आहे.

मी भागरथाबाईच्या ओसरीशी पोचले तर ती गाठोडं बांधत होती. रूथची झबली, आता घट्ट होणारं ते जुनं लाल झबलंही, एक लाकडी बैल.

"तुही हाय. घेऊन जाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"तुमच्याकडेच असू द्या," मी त्याच वेळी म्हणाले. "मी येऊन बघत जाईन."

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पोर मध्ये उभी, कुणीच घेत नाही म्हणून बावरलेली. मग ती शेळीकडे गेली आणि तिच्या गळ्यात हात टाकून बसली. आम्हाला हसू आलं. हसता हसता दोघींचे डोळे भरून आले.

युक्ती भागरथाबाईनेच काढली. रोज दुपारी ती रूथला घेऊन माझ्या घरी यायची आणि तिघी जणी सतरंजीवर पडायचो, मध्ये पोर. पोर झोपली की ती उठून जायची आणि जाग येण्याआधी परत येऊन पडायची. रोज जरा उशिरा. स्वतःच्या हाताने ती स्वतःला थोडं थोडं दूर करत होती. मी ते पाहत होते आणि देवाचा विश्वासूपणा म्हणजे काय, हे मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज राहिली नव्हती.

बाराव्या की तेराव्या दुपारी उठून गेलेली ती परत आलीच नाही. रूथ उठली. उजवीकडे पाहिलं, रिकामं. ओठ काढले. "माय?" म्हणाली. मग रडायला लागली, आणि रडत रडत माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केले नाहीत. बसून राहिले. ती उभी राहिली, दोन पावलं आली आणि माझ्या खांद्यावर पडून हमसून हमसून रडली. रडत होती भागरथाबाईसाठी, पण माझ्या गळ्याला धरून. सव्वा वर्षाने माझ्या अंगाला तिचं अंग लागलं होतं.

तिला तशीच उचलून मी शेजारी गेले. भागरथाबाई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. सुपात ज्वारी होती, पण सूप हलत नव्हतं.

"आली का तुह्याकडे?" तिने विचारलं.

"आली."

"मंग रडते काऊन?"

"तुमच्यासाठी."

तिने हात पुढे केले, आणि काहीतरी आठवल्यासारखे परत मागे घेऊन मांडीत ठेवले. मी सूप बाजूला सारलं, आणि माझी मुलगी तिच्या मांडीवर दिली.